रिसीव्हर आणि स्पीकरची जोडी कशी जुळवायची? वॉट, ओहम आणि मौद्यातला एक हॉल

ज्यांना कानात इअरफोन घालून ऐकायला वेळ नाही, किंवा ज्यांना आकडे डोळ्यांनी बघितल्याशिवाय समाधान होत नाही, त्यांच्यासाठी या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना जे ‘अं’, ‘म्हणजे’ आणि मागून कूलरचा आवाज येतो, तो काढून टाकलाय. बाकी सगळं तसंच आहे.

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. प्रश्न थोड्याफार फरकाने एकच असतो : “दादा, माझ्याकडे अमुक स्पीकर आहेत, तमुक रिसीव्हर मिळून राहिला, लावू का?” याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच द्यायला मला आवडत नाही. कारण पुढच्या महिन्यात तुम्ही दुसरा रिसीव्हर बघाल आणि परत विचाराल. त्यापेक्षा हिशोबच शिकून घेऊ. नववी-दहावीच्या विज्ञानापेक्षा जास्त काही लागत नाही.

सुरुवात वॉटपासून करू, कारण मी राहतो तिथे वॉटची काही कमी नाही. आमच्या मौद्याला एनटीपीसीचं औष्णिक वीज केंद्र आहे. ५०० मेगावॉटचे दोन संच आणि ६६० मेगावॉटचे दोन, मिळून २३२० मेगावॉट. म्हणजे २३२ कोटी वॉट. आता सांगा, तुमच्या हॉलमध्ये गाणं ऐकताना स्पीकरला किती वॉट लागत असतील? शंभर? पन्नास?

बहुतेक वेळ एकसुद्धा पुरा लागत नाही.

एका वॉटमध्ये किती आवाज?

प्रत्येक चांगल्या स्पीकरच्या माहितीत एक ओळ असते : सेन्सिटिव्हिटी, इतके डेसिबल. समजा ८६ डेसिबल. याचा अर्थ, त्या स्पीकरला एक वॉट दिला आणि एक मीटरवर आवाज मोजला, तर तो ८६ डेसिबल भरतो. आपण समोरासमोर बसून गप्पा मारतो तो आवाज साधारण ६० डेसिबलच्या आसपास असतो. म्हणजे एका वॉटचे ८६ डेसिबल हा चांगलाच मोठा आवाज झाला.

आता दोन नियम लक्षात ठेवा. वॉट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलने वाढतो. वॉट दहापट केले की १० डेसिबलने वाढतो. आणि आपल्या कानाला आवाज ‘दुप्पट’ वाटायला साधारण १० डेसिबल वाढावे लागतात. म्हणजे दुप्पट मोठा आवाज हवा असेल तर दहापट वॉट!

म्हणून ५० वॉटचा रिसीव्हर सोडून १०० वॉटचा घेतला तर आवाज दुप्पट होईल, हा समज डोक्यातून काढा. फक्त ३ डेसिबल वाढतील. कानाला फरक कळेल, पण “वा!” म्हणावं इतका नाही. उलट ८६ डेसिबलच्या स्पीकरऐवजी ९२ डेसिबलचा घेतला, तर तोच आवाज चौपट कमी वॉटमध्ये मिळतो. पण दुकानात वॉट सगळे विचारतात, सेन्सिटिव्हिटी क्वचितच कोणी विचारतं.

एक बारीक गोम आहे. काही कंपन्या ‘एक वॉट’ असं न लिहिता ‘२.८३ व्होल्ट’ असं लिहितात. ८ ओहमच्या स्पीकरमध्ये २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर एक वॉट. पण ४ ओहमच्या स्पीकरमध्ये तेवढेच व्होल्ट म्हणजे दोन वॉट. त्यामुळे ४ ओहमच्या स्पीकरवर ‘८८ डेसिबल, २.८३ व्होल्ट’ लिहिलं असेल, तर एका वॉटचा खरा हिशोब ८५ धरायचा.

आपल्या हॉलचा हिशोब

समजा १२ बाय १५ फुटांचा हॉल आहे. स्पीकरपासून तुम्ही ३ मीटरवर बसता. मोकळ्या मैदानात एक मीटरवरून तीन मीटरवर गेलं की आवाज साडेनऊ डेसिबलने उतरतो. घरात तितका उतरत नाही, कारण भिंती थोडा आवाज परत देतात आणि स्पीकरही दोन असतात. त्यामुळे ढोबळ मानाने ४ डेसिबल उतरतो असं धरा.

आता तुम्ही ऐकता ७५ डेसिबलला. पण गाण्यात तबल्याची थाप येते, ढोलाचा ठोका येतो. असे क्षण सरासरीच्या १५-२० डेसिबल वर उडी मारतात. म्हणजे क्षणभरासाठी ९५ डेसिबल लागणार. त्यात अंतराचे ४ मिळवा, झाले ९९. स्पीकर ८६ चा. फरक १३ डेसिबल. १३ म्हणजे १० अधिक ३ : दहापट आणि त्याच्या दुप्पट. म्हणजे २० वॉट. बस्स.

२० वॉट एका बाजूला, तेही फक्त ठोक्याच्या क्षणी. ९२ डेसिबलचा स्पीकर असेल तर ५ वॉटमध्येच भागलं.

पण विदर्भातली एक वेगळी भानगड आहे, ती पुण्या-मुंबईच्या ब्लॉगवाल्यांना सुचणार नाही. मे महिना. बाहेर पंचेचाळीस अंश. खिडकीत कूलर घरघरत असतो. त्या घरघरीच्या वर गाणं ऐकायला तुम्ही आवाज ६ डेसिबल वाढवला, की वॉट चौपट लागले. २० चे ८० झाले. त्यामुळे आपल्याकडे रिसीव्हर घेताना उन्हाळ्याचा हिशोब धरावा. थंडीत पुरणारा ॲम्प मे महिन्यात धापा टाकतो.

ओहम म्हणजे काय? मोटरपंप आठवा

वॉट जुळले म्हणजे जोडी जुळली असं नाही. खरा घोळ ओहममध्ये होतो.

मौदा तालुक्यात धानाची शेती, त्यामुळे मोटरपंप सगळ्यांना माहीत. व्होल्टेज म्हणजे पंपाचा दाब. करंट म्हणजे वाहणारं पाणी. आणि ओहम म्हणजे पाइप किती अरुंद आहे ते. ८ ओहम म्हणजे अरुंद पाइप, ४ ओहम म्हणजे मोठा पाइप. दाब तोच ठेवून पाइप मोठा केला की पाणी जास्त ओढलं जातं. पंपाची ताकद तेवढी असेल तर ठीक, नसेल तर मोटर तापते आणि पडते.

आकड्यात बघा. ॲम्प २० व्होल्ट देतोय. ८ ओहमचा स्पीकर अडीच अँपियर करंट ओढेल आणि ५० वॉट खाईल. ४ ओहमचा स्पीकर ५ अँपियर ओढेल आणि १०० वॉट खाईल. व्हॉल्यूमचं बटण तिथेच, पण ॲम्पवरचा भार दुप्पट. आतले ट्रान्झिस्टर तापतात, आणि शहाणा ॲम्प असेल तर ‘प्रोटेक्ट’चा दिवा लावून बंद पडतो. शहाणा नसेल तर धूर काढतो.

म्हणून नियम असा : रिसीव्हरच्या मागे जो सगळ्यात कमी ओहमचा आकडा छापलेला असतो, त्याहून कमी ओहमचा स्पीकर जोडायचा नाही. मागे ‘६ ते १६ ओहम’ लिहिलं असेल तर ६, ८, १६ चालतील. ४ नाही. उलट्या दिशेने काही धोका नाही. ४ ओहम झेपणाऱ्या ॲम्पला ८ ओहमचा स्पीकर लावला तर बिघडत काहीच नाही, फक्त वॉट थोडे कमी निघतात.

आणखी एक. स्पीकरवर लिहिलेले ओहम म्हणजे नाममात्र आकडा. प्रत्यक्षात तो आवाजाच्या पट्टीप्रमाणे बदलत राहतो. आंतरराष्ट्रीय मानक सांगतं की तो नाममात्र आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये. म्हणजे ८ ओहमचा स्पीकर ६.४ च्या खाली नको. पण सगळ्याच कंपन्या ते पाळतात असं नाही. म्हणून हातात थोडी सूट ठेवलेली बरी.

‘ए अधिक बी’ चा सापळा

जुन्या स्टिरिओ रिसीव्हरला पुढे दोन बटणं असतात : स्पीकर ए आणि स्पीकर बी. मुलांना वाटतं, दोन जोड्या आहेत, दोन्ही दाबू, हॉल गाजवू. बहुतेक रिसीव्हरमध्ये दोन्ही दाबल्यावर दोन्ही जोड्या समांतर जोडल्या जातात. ८ आणि ८ समांतर म्हणजे ४ ओहम. ४ आणि ४ समांतर म्हणजे २ ओहम. दोन ओहमला साधा घरगुती रिसीव्हर टिकत नाही.

म्हणूनच मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं : ‘ए किंवा बी : ४ ते १६ ओहम. ए अधिक बी : ८ ते १६ ओहम.’ याचा अर्थ, दोन्ही जोड्या एकदम वाजवायच्या असतील तर प्रत्येक जोडी निदान ८ ओहमची हवी.

काही एव्ही रिसीव्हरमध्ये ओहम निवडायचा स्विच किंवा मेन्यू असतो. ४ वर ठेवला की ॲम्प ताकदवान होतो असं नाही. साधारणपणे तो आतलं व्होल्टेज उतरवतो, म्हणजे ॲम्प कमी तापतो आणि वॉटही कमी देतो. ती सुरक्षेची सोय आहे.

खोक्यावरचे वॉट आणि खरे वॉट

आमच्या लहानपणी टू-इन-वनवर ‘२००० वॉट पीएमपीओ’ असं चमकत्या अक्षरात लिहिलेलं असायचं. आत ट्रान्सफॉर्मर लाडवाएवढा. पीएमपीओला कोणतंच ठरलेलं मोजमाप नाही. ज्याला जो आकडा आवडला तो त्याने छापला. अमेरिकेतही हाच गोंधळ होता, म्हणून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये ॲम्पचे वॉट जाहिरातीत कसे सांगायचे याचा नियमच केला.

आजकाल पीएमपीओ कमी झालं, पण युक्त्या तशाच आहेत. एकाच रिसीव्हरबद्दल एका ठिकाणी ‘१४० वॉट’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘७० वॉट’ लिहिलेलं दिसेल. दोन्ही खरे! पहिला आकडा असा : एकच चॅनल चालू, एकाच पट्टीचा सूर, ६ ओहम, आणि १० टक्के विकृती. दुसरा असा : दोन्ही चॅनल चालू, २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत सगळा पल्ला, ८ ओहम, आणि विकृती ०.१ टक्क्याच्या आत. तुम्ही दुसरा आकडा धरायचा. १० टक्के विकृती म्हणजे आवाज फाटलाय हे कोणालाही ऐकू येतं.

ऑनलाइन मिळणाऱ्या छोट्या क्लास-डी ॲम्पचा हिशोब तर घरबसल्या करता येतो. वर लिहिलेलं असतं ‘५० वॉट अधिक ५० वॉट’. मग सोबतचा ॲडाप्टर बघा. त्यावर लिहिलंय १२ व्होल्ट, २ अँपियर. १२ गुणिले २ म्हणजे २४ वॉट. भिंतीतून आत येतायत २४, आणि बाहेर सतत १०० कसे निघतील? आमच्या वीज केंद्रातसुद्धा ही जादू जमत नाही.

अजून नेमकं हवं असेल तर एक सूत्र घ्या. अशा ॲम्पमधून न फाटता निघणारे जास्तीत जास्त वॉट म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले ओहमची दुप्पट. १२ व्होल्ट आणि ८ ओहम : १४४ भागिले १६, म्हणजे ९ वॉट. २४ व्होल्टचा ॲडाप्टर लावला तर ५७६ भागिले १६, म्हणजे ३६ वॉट. व्होल्टेज दुप्पट, वॉट चौपट. पण बोर्ड २४ व्होल्ट झेपतो असं लिहिलं असेल तरच लावा, नाहीतर नाही.

आणि ९ वॉट ऐकून नाक मुरडू नका. मघाचा हिशोब आठवा. ९२ डेसिबलच्या स्पीकरला ५ वॉटच लागत होते.

चुकाऱ्याचे पैसे आणि बाबांचे स्पीकर

आता एक खरं उदाहरण, ज्यामुळे हा एपिसोड करावासा वाटला.

आमच्या ओळखीतला एक भाऊ. घरी धानाची शेती. त्याच्या वडिलांनी तरुणपणी पैसे साठवून लाकडी खोक्यांचे दोन स्पीकर घेतले होते. ॲम्प कधीच गेला, स्पीकर माळ्यावर राहिले. मागच्या वर्षी वडिलांना आजारपण आलं, शेतात जाणं बंद झालं. दिवसभर खाटेवर. मोबाइलवर भजनं लावून द्यायचा पोरगा, पण त्या चिमुकल्या आवाजात बाबांचं मन रमेना. म्हणून त्याने एक जुना स्टिरिओ रिसीव्हर मिळवला, स्पीकर खाली काढले आणि जोडले.

दहा मिनिटं मस्त वाजायचं. आवाज थोडा वाढवला की खट्ट! बंद. पाच मिनिटांनी परत चालू, परत खट्ट.

तो एका दुकानात गेला. दुकानदाराने न बघताच सांगितलं, स्पीकर जुने झाले, फेकून द्या, अठ्ठावीस हजारांचा नवीन सेट घ्या. धानाचे चुकारे नुकतेच खात्यात आले होते. त्यातूनच बी-बियाणं, त्यातूनच बाबांची औषधं. तो मला म्हणाला, “भाऊ, पैसे देऊन टाकू का? बाबा म्हणून राहिले, या स्पीकरचा आवाज गोल आहे. पण बंद काहून पडून राहिलं तेच समजत नाही.”

मी मल्टिमीटर घेऊन गेलो. साधा मल्टिमीटर, इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो तसला. स्पीकरच्या वायरी रिसीव्हरमधून सोडवल्या आणि दोन टोकांवर मीटर लावला. आकडा आला ३.३.

इथे लक्षात ठेवा : मीटर जे दाखवतो तो डीसी रेझिस्टन्स असतो, तो नाममात्र ओहमपेक्षा थोडा कमी येतो. ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ च्या आसपास दाखवतो. ४ ओहमचा साधारण ३ ते साडेतीन. म्हणजे मागची चिठ्ठी केव्हाच गळून पडली असली तरी कळलं की स्पीकर ४ ओहमचे आहेत. मग रिसीव्हर फिरवून मागे बघितलं. छापलेलं होतं : ८ ते १६ ओहम.

दोघांपैकी कोणीच खराब नव्हतं. जोडी चुकली होती. रिसीव्हर स्वतःचा जीव वाचवायला बंद पडत होता, आणि खापर फुटत होतं स्पीकरवर.

स्पीकरमध्ये एक खरी अडचण मात्र होती. वूफरच्या कडेचं फोम भुसभुशीत होऊन तुटलं होतं. जुन्या स्पीकरमध्ये हे होतंच, फोम वर्षानुवर्षांत विरतो. पण ते बदलता येतं. कोन आणि कॉइल शाबूत असेल तर फक्त कडा नवीन चिकटवायची. नागपुरात स्पीकर दुरुस्त करणारे कारागीर अजून आहेत, त्यांना विचारायचं. कॉइल घासतेय का हे बघायला बोटांनी कोन हळूच, सगळीकडून सारखा दाबा. खरखर आली नाही तर कॉइल ठीक आहे.

मग ४ ओहम झेपतो असं स्पष्ट लिहिलेला साधा दोन चॅनलचा इंटिग्रेटेड ॲम्प घेतला. सगळा खर्च मिळून दुकानदाराच्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्श्यातही गेला नाही.

आणि जुना रिसीव्हर? तोही फेकला नाही. ‘रिसीव्हर’ हे नावच मुळी रेडिओ पकडतो म्हणून पडलंय : ट्यूनर आणि ॲम्प एकाच डब्यात. मागे ‘टेप आउट’ लिहिलेल्या दोन पिना असतात. त्यातून वायर काढून नवीन ॲम्पच्या ‘ऑक्स’मध्ये लावली. आता रिसीव्हर फक्त रेडिओचं काम करतो, स्पीकर ढकलायचं काम दुसऱ्याकडे. बाबांना आकाशवाणी नागपूर हवं होतं, १९४८ पासून चालू असलेलं केंद्र, त्यांची सवयच ती. मीडियम वेव्ह ऐकणार असाल तर एक सूचना : मोबाइलचे चार्जर, एलईडी बल्ब आणि स्विचिंगचे ॲडाप्टर मीडियम वेव्हवर खरखर आणतात. रिसीव्हरची अँटेना त्यांच्यापासून लांब ठेवा.

छोटा ॲम्प स्पीकर जाळतो का?

हा प्रश्न हमखास येतो. “स्पीकर १०० वॉटचा आहे, ॲम्प ३० चा, म्हणजे सेफ ना?” दरवेळी नाही.

स्पीकरवरचे वॉट म्हणजे तो किती वॉट ‘देतो’ हे नव्हे, किती वॉटची उष्णता सहन करतो हे. ३० वॉटचा ॲम्प त्याच्या मर्यादेत वाजवला तर काही होत नाही, वर्षानुवर्षं चालेल. पण तुम्ही बटण पिळत गेलात, की ॲम्पकडे द्यायला व्होल्टेज उरत नाही. गोल लाटेचा माथा कापला जातो, लाट चौकोनी होते. याला क्लिपिंग म्हणतात. त्या चौकोनी लाटेत वरच्या पट्टीचा माल जास्त असतो, आणि तो सगळा ट्विटरकडे जातो. ट्विटरची कॉइल केसासारखी बारीक. ती आधी जळते.

म्हणून आवाज कर्कश, फाटका वाटायला लागला की बटण मागे घ्या, ॲम्प लहान असो की मोठा. खरेदी करताना ॲम्पचे खरे आरएमएस वॉट स्पीकरच्या आरएमएस वॉटच्या आसपास असले की झालं. थोडा मोठा ॲम्प असेल तरी चालतो, फक्त लग्नाचा डीजे समजून वाजवायचा नाही.

आणि हो, जुन्या ‘होम थिएटर’ डब्यासोबत आलेले छोटे स्पीकर वेगळे काढून रिसीव्हरला लावायचा मोह आवरा. त्यातले बरेच ३ ओहमचे असतात. ते फक्त त्यांच्याच डब्यासाठी बनवलेले असतात.

वायर, लाल-काळा आणि हॉल

वायरवर हजारो रुपये घालू नका. तांब्याची, जाडी पुरेशी, एवढंच बघा. हिशोब असा : दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ५ मीटर टाकली, तर जाऊन-येऊन १० मीटर होते आणि तिचा रेझिस्टन्स ०.११ ओहमच्या आसपास भरतो. स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्यांच्या आत वायर असली की पुरे. ४ ओहमचे ५ टक्के म्हणजे ०.२. पास! पण अर्ध्या चौरस मिलिमीटरची दोऱ्यासारखी वायर घेतली तर तीच लांबी ०.३४ ओहम होते. नापास. इलेक्ट्रिकच्या दुकानातली घरगुती फ्लेक्सिबल वायर मस्त चालते. फक्त तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नाही ना, ते विचारून घ्या.

लाल टोक लालला, काळं काळ्याला, दोन्ही स्पीकरला सारखं. एका स्पीकरचं उलटं झालं तर एक कोन पुढे येताना दुसरा मागे जातो आणि बेस गायब होतो. तपासायची सोपी पद्धत? हा पॉडकास्टच लावा. आम्ही मोनोमध्ये रेकॉर्ड करतो. दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधोमध बसा. माझा आवाज समोर मध्यभागी, जणू टीव्हीच्या जागी मी बसलोय असा आला पाहिजे. आवाज पसरट, डोक्याभोवती फिरतोय असा वाटला तर एका स्पीकरच्या वायरी उलट करून बघा. आधी ॲम्प बंद करून, बरं का.

स्पीकर ठेवताना दोन स्पीकर आणि तुम्ही मिळून समभुज त्रिकोण करा. ट्विटर कानाच्या उंचीवर. कोपऱ्यात कोंबला की बेस घुमतो, गाण्याचे शब्द बुडतात. फरशी उघडी आणि भिंती कोऱ्या असतील तर आवाज खणखणतो. खाली सतरंजी टाका, खिडकीला जाड पडदा लावा. एक गोधडी भिंतीवर टांगली तरी फरक कळतो, आणि ती घरात असतेच.

ॲम्पवर आईने विणलेला रुमाल टाकू नका, कितीही सुंदर असला तरी. वरची जाळी श्वास घ्यायला असते. वर आणि बाजूला वीतभर मोकळी जागा ठेवा. आणि कूलरच्या झोतात तर अजिबात ठेवू नका. गार वाटेल, पण ती हवा ओली असते, पिना गंजतात.

विकत घेण्याआधी हे बघा

मोबाइलमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवा :

१. स्पीकरचे ओहम किती? चिठ्ठी नसेल तर मल्टिमीटर लावा.
२. रिसीव्हरच्या मागचा सगळ्यात कमी ओहमचा आकडा किती? स्पीकर त्याहून खाली नको.
३. दोन जोड्या एकदम वाजवणार का? मग ‘ए अधिक बी’ची ओळ वाचा.
४. सेन्सिटिव्हिटी किती? ती ६ डेसिबलने जास्त असेल तर वॉट चौपट कमी लागतात.
५. वॉट कोणत्या अटीवर मोजलेत? दोन्ही चॅनल, पूर्ण पल्ला, कमी विकृती, तोच आकडा खरा.
६. ॲडाप्टर असेल तर व्होल्ट गुणिले अँपियर करा. त्याहून जास्त वॉट सतत निघूच शकत नाहीत.
७. तुमच्या फोन-टीव्हीला लागणारी जोडणी आहे का? ब्लूटूथ, ऑप्टिकल, एचडीएमआय एआरसी, जे लागतं ते.
८. जुना माल असेल तर वूफरची कडा आणि कॉइल हाताने तपासा, आणि घेण्याआधी निदान अर्धा तास वाजवून बघा. तापल्यावरच खरं दुखणं बाहेर येतं.

हे आठ प्रश्न विचारले की दुकानदारही ओळखतो, समोरचा गिऱ्हाईक आकडे वाचून आलाय. मग तो “फेकून द्या” म्हणण्याआधी निदान एकदा स्पीकर उलटा करून बघतो.

तुमच्या घरी माळ्यावर, दिवाणाखाली, पडवीत असे जुने स्पीकर पडले असतील तर आधी मीटर लावा, आकडा लिहा आणि मला पाठवा. सोबत रिसीव्हरच्या मागच्या बाजूचा फोटोही पाठवा, पुढच्या बाजूचा नको, त्यावर नुसती चमक असते. चांगले प्रश्न पुढच्या भागात घेऊ. पुढचा विषय सबवूफर : तो खरंच लागतो का, आणि लागला तर शेजाऱ्यांशी संबंध कसे टिकवायचे.

तोपर्यंत ऐकत राहा, आणि आवाज बेतानं ठेवा. कान बदलून मिळत नाहीत.